हवालदाराच्या डोक्याला काम

मिस्त्रींचं सगळं आयुष्य अडकलेलं सोडवण्यात गेलं. बिस्किटांच्या कारखान्यात ते पॅकिंगची यंत्रं सांभाळत. वरच्या नळकांड्यातून बिस्किटं खाली उतरत, मध्येच एखादं आडवं होई, त्याच्यामागे रांग तुंबे आणि पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या बाया एका सुरात ‘मिस्त्रीऽऽ’ म्हणून हाक मारत. त्या हाकेवर त्यांनी तारुण्य काढलं. मग कारखान्याने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून मिस्त्री घड्याळाकडे बघत आणि घड्याळ मिस्त्रींकडे.

त्यांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. रोज सकाळी ते कंपनीचा निळा शर्ट अंगात चढवत आणि घरात काय बिघडलंय ते शोधत फिरत. रविवारी शर्ट खुंटीवर असे, कारण रविवारी सुट्टी. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या झाल्या, डुगडुगणारी खुर्ची झाली. मग त्यांनी न गळणारे नळ दुरुस्त केले. त्यानंतर ते गळू लागले, आणि दोन आठवडे बरे गेले.

त्यात हवालदाराची भर पडली. हा मुलाचा कुत्रा. मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथला घरमालक कुत्र्याला तयार होईना, तेव्हा मुलाने त्याला ‘थोडे दिवस’ आईबापांकडे ठेवलं. रंग चहासारखा, जात कोणालाही सांगता न येणारी. दार, खिडकी, पलंगाचा पाय, पुन्हा दार, अशी त्याची दिवसभर गस्त चाले. लिफ्ट वाजली की तो भुंके. लिफ्ट बराच वेळ वाजली नाही तर काहीतरी गडबड आहे म्हणून भुंके. मधल्या वेळात चपला खाई.

आणि बायको रुग्णालयात नर्स होती, कायमची रात्रपाळीवर. ती सकाळी येऊन झोपायची. ती झोपली की बाहेर एकजण ठोकायला लागे आणि दुसरा भुंकायला.

एका सोमवारी ती घरी आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली.

“काल मी कामावर झोपले,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे झोपले. खुर्चीत. खिडकीजवळच्या आजोबांची सलाइन संपून गेली होती. दुसऱ्या पोरीने पाहिलं म्हणून निभावलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं हो.” तिने कपाळ चोळलं. “मी कंपाउंडरशी बोललेय. झाडांच्या रोपवाटिकेचा मालक आहे एक, त्याला कुत्रा हवाय. रविवारी येऊन घेऊन जातील.”

मिस्त्रींनी विचारलं, “आणि मला?”

“तुम्हाला घ्यायला कोणी तयार नाही. विचारून बघितलं.”

ती आत गेली. हवालदार येऊन मिस्त्रींच्या पायाला टेकून उभा राहिला. हा एवढा गेला तर उरलेल्या घरात आपण एकटेच जागे असू, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं.

कंपाउंडर म्हणजे कोपऱ्यावरच्या गुरांच्या डॉक्टरांकडचा. मिस्त्री तडक त्याच्याकडे गेले.

“कुत्रा वाईट नाही, रिकामा आहे,” कंपाउंडर म्हणाला. “त्याच्या डोक्याला काम द्या. खाऊचं खेळणं मिळतं बघा, आत त्याच्या खाण्याचे दाणे भरायचे. कुत्रा ढकलतो, लोळवतो, तेव्हा कुठे एकेक दाणा पडतो. बसतो मग गुंतून.”

“एकेक दाणा? खालच्या भोकातून?”

“हो.”

“म्हणजे यंत्रच की!” मिस्त्री म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा कामावर निघालेल्या माणसासारखा झाला.

त्यांनी तसलाच एक रबरी चेंडू आणला. भरला, हलवला. दाणा भोकापाशी येऊन आडवा झाला आणि अडकला. मिस्त्रींना ते बघवेना. “कोणी केलंय हे? कडा बघा कशा ठेवल्यात,” असं कुत्र्याला सुनावत त्यांनी कानस काढली, भोकाची कड गुळगुळीत केली, वर बोटभर गोडंतेल लावलं. हवालदाराने पंजा मारला. सगळे दाणे एकदम बाहेर आले. ते संपवून तो गस्तीवर गेला.

मग मिस्त्रींनी प्लास्टिकच्या पाइपचं स्वतःचं खेळणं बनवलं. आतला उतार इतका अचूक की दाणा कुठेही थबकत नसे. कारखान्यात असं काही केलं असतं तर साहेब बघायला आले असते. हवालदाराने ते चेंडूपेक्षाही लवकर रिकामं केलं आणि मिस्त्रींकडे असं पाहिलं की एवढं कौतुक साहेबांच्या नजरेत त्यांना कधी दिसलं नव्हतं. मग तो आणखी पाहिजे म्हणून भुंकला. आत पलंग करकरला.

शनिवारी दुपारी त्यांनी पत्र्याच्या डब्याचं केलं. हवालदाराने तो उचलून फरशीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला.

बायको केस मोकळे, डोळे लाल अशी बाहेर आली. “काय मांडलंय हे?”

“उद्या रविवार आहे ना,” मिस्त्री खाली बघत म्हणाले.

तिने डबा उचलला, चेंडू बघितला, पाइप उलटा करून बघितला. दाणे सरसर तळहातावर आले.

“यात अडकतं कुठे?”

“अडकतच नाही!” मिस्त्रींची मान ताठ झाली.

“अहो, अडकायला नको का? तोच तर खेळ आहे. जन्मभर तुम्ही सोडवलंत, आता त्याला सोडवू द्या की.”

मिस्त्रींनी कानशीकडे पाहिलं. ती खिशात होती, आणि असायला नको होती असं त्यांना प्रथमच वाटलं.

बायको फतकल मारून खाली बसली. जुन्या चादरीची लांब पट्टी फाडली, तिच्यावर दाणे पेरले आणि वॉर्डात बँडेज गुंडाळावं तशी गुंडाळी करून टोक आत खोचलं. हवालदाराने हुंगलं. नाकाने ढकललं, पंजाने धरलं, टोक ओढलं. एक दाणा मिळाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग घडीत आणखी एक. आवाज म्हणाल तर फक्त श्वासाचा.

“सैल झालीय गं. कडाही जुळल्या नाहीत,” मिस्त्रींचा हात पुढे गेला.

“हात लावू नका! अशीच पाहिजे. आणि कापड गिळत नाही ना, एवढं बघत बसा.” ती उठली. “उद्याचं उद्या बघू.”

मिस्त्री गुंडाळू लागले. वाकड्या कडा वाकड्या ठेवताना त्यांचा जीव खालीवर होत होता. एक गुंडाळी होई तोवर कुत्रा आधीची उलगडून पुढ्यात आणून टाकी.

रविवारी बायको कामावरून आली ती सरळ झोपली. मिस्त्रींनी घंटीची तार काढून ठेवली. दुपारी दारावर टकटक झाली. हवालदाराच्या घशापर्यंत भुंकणं आलं, पण तोंडात पट्टी होती. त्याने विचार बदलला.

“कुठाय तो?” कंपाउंडरने विचारलं.

“हळू बोला. कामात आहे.”

“खाली गाडी थांबलीय. वहिनींना विचारा.”

“झोपलीय.”

“मग उठवा.”

“तुम्ही उठवा. मला अजून जगायचंय.”

दोघं कान देऊन उभे राहिले. आतून घोरणं येत होतं, संथ आणि दमदार.

“पण उद्या भुंकला तर? रोपवाटिकेवाला काही थांबायचा नाही.”

“नका थांबवू त्याला,” मिस्त्री म्हणाले आणि दार आवाज न करता लावलं. बिजागऱ्यांना तेल होतंच.

मागे वळून बघतात तो चादरीच्या सगळ्या पट्ट्या फरशीवर पसरलेल्या, दाताने चिंध्या झालेल्या. हवालदार उठला. दार. खिडकी. नखं फरशीवर टिकटिक वाजू लागली. आतलं घोरणं मध्येच अडखळलं.

मिस्त्रींनी घरभर नजर फिरवली. पडदे नवे होते. टॉवेल बायकोचे होते. खुंटीवर निळा शर्ट होता.

त्यांनी कात्री घेतली. आधी बाह्या उतरवल्या, मग पाठीच्या पट्ट्या केल्या. खिसा मात्र त्यांनी तसाच ठेवला. त्यात दाणा चांगला अडकणार होता.