बशीच्या कोपऱ्यातला घास

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की आजोबांना पुण्याचं ते हॉटेल आवडलंच नव्हतं. तुमच्याकडे त्या दिवसाचे फोटो आहेत आणि बहुतेक फोटोंत आजोबांच्या बशीत थोडं अन्न उरलेलं दिसतं. तुमच्या बाबालाही इतके दिवस तसंच वाटत होतं, हे मला तेव्हाच कळलं. मागून त्याचा आवाज आला, "जाऊ द्या रे, त्यांना सवय नव्हती." त्या आवाजाने मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात माझ्या लग्नापासून करावी लागेल. मी बीडची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. सासर तलवाड्याचं. तिथे पुरुषांचं जेवण आधी व्हायचं आणि मग नवऱ्याच्या त्याच ताटात बायको जेवायची. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी यांचं जेवलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. त्यात वरणाचा ओघळ होता, भाताची शितं होती. मी म्हटलं, "मी वेगळं ताट घेते."

"शिकलेली हाय म्हनून नवऱ्याचं ताट चालंना व्हय गं?" सासूबाई म्हणाल्या.

तुमचे आजोबा हात धुतच राहिले. पण दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर त्यांनी पहिला घास तोंडात घालण्याआधी भाकरीचा वरचा कुरकुरीत पापुद्रा काढला, त्यावर भाजीतलं कोवळं वांगं ठेवलं आणि ते ताटाच्या कोपऱ्यात बाजूला सारलं. जेवण झाल्यावर ताट हातात घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि तो घास माझ्या स्वच्छ ताटात ठेवला. आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याच ताटातला हाय." मग माझ्याकडे बघून हळूच, "उष्टा न्हाई. आधीच काढलाय."

भांडण तिथेच मिटलं. घास मात्र सुरू राहिला. सासूबाई गेल्या, आम्ही बीडला राहायला आलो, समोरासमोर बसून जेवू लागलो. माझ्या ताटात तेच सगळं असायचं, तरी जेवण संपताना त्यांचा हात यायचा आणि माझ्या ताटात तो घास पडायचा. रागावलेले असले तरी पडायचा. फक्त त्या दिवशी बोलायचे नाहीत.

मग त्यांच्या जिभेवर ती जखम झाली. तंबाखू सुटून बरीच वर्षं झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल आणि त्यानंतर जेवण नळीतूनच. ऑपरेशनच्या आधी तुमच्या बाबाला येणं जमत नव्हतं. त्याने तुमच्या तिकडूनच पुण्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलात आमच्यासाठी दुपारचं टेबल ठरवलं. स्वयंपाक करणाऱ्यांना कळवलं की सगळं मऊ करा, तिखट नको, आणि प्रत्येक पदार्थासोबत आईबाबांचा फोटो काढून मला पाठवा. मला म्हणाला, "आई, बाबांना एकदा राजासारखं जेवू दे."

ते धुतलेला पायजमा-शर्ट आणि टोपी घालून आले होते. टेबल इतकं रुंद की आम्ही दोघं समोरासमोर, पण हात पोचणार नाही. काळा कोट घातलेला, कानाजवळ केस पिकू लागलेला वेटर इंग्रजीत एकेक पदार्थ समजावून सांगत होता आणि मी मराठीत सांगत होते. पहिली बशी आली. परातीएवढी बशी आणि मधोमध लिंबाएवढा पदार्थ.

"एवढं रान अन् पेरा एवढाच?" आजोबा म्हणाले. "बाकीचं पडीक ठिवलंय व्हय?"

"हळू बोला, ऐकतोय तो."

"त्येला कुठं मराठी कळतंय."

"कळतंय की," वेटर म्हणाला. "धर्मापुरीचा हाय मी, काका, बीडकडचाच."

"मग इतका येळ इंग्रजी कावून फाडतूस बे?"

तो हसला, मी हसले. पुष्कळ दिवसांनी तुमचे आजोबा तोंड उघडून हसले आणि लगेच दुखलं म्हणून गालावर हात धरला. तो पहिला फोटो.

ते सावकाश खात होते. चमचा खाली ठेवला की वेटर फोटो काढून अदबीने बशी उचलायचा. पहिली बशी गेली तेव्हा त्यांचा हात जरासा वर आला आणि परत मांडीवर गेला. दुसऱ्या बशीतही थोडं उरलं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग टाकताय का?"

"टाकत न्हाई मी."

तिसऱ्या बशीत भोपळ्याचं मऊ काहीतरी होतं. या वेळी मी नीट बघितलं. खायला सुरुवात करण्याआधी त्यांनी चमच्याच्या कडेने रेघ मारली आणि पलीकडचं बशीच्या कोपऱ्यात सारलं. मग अलीकडचं खाल्लं.

आमच्याकडे सगळं एकाच ताटात वाढतात, त्यामुळे जेवण एकदाच संपतं. घास द्यायची वेळ तीच. तिथे प्रत्येक बशीबरोबर जेवण संपत होतं आणि ते शेवटाची वाट बघत होते. चमचा ठेवायचे आणि माझा घास आत निघून जायचा. मी समजावून सांगू शकले असते. पण तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं आणि त्यांना ते जेवण हसत जेवायचं होतं. पुढच्या बशा तशाच गेल्या.

शेवटी काकवी घातलेली दुधाची गोड वडी आली, चमचा लावला की विरघळणारी. त्यांनी रेघ मारली. या वेळी मोठा भाग पलीकडे गेला. अलीकडचं खाऊन त्यांनी चमचा ठेवला, वेटरचा हात पुढे आला आणि आजोबांनी पंजा बशीवर आडवा धरला.

"थांब. हे माझं न्हाई."

"काका?"

"ह्यांचं हाय." माझ्याकडे बोट केलं.

वेटरने हात मागे घेतला. आजोबा उठले. गळ्यापाशी खोचलेला रुमाल तसाच होता. बशी दोन्ही हातांनी धरून ते टेबलाला वळसा घालून आले आणि ती माझ्यापुढे ठेवली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. काकवी पसरून बशीभर झाली होती. मी बोटाने पुसून सगळं खाल्लं. ते शेजारी उभे राहून म्हणाले, "उद्यापासून तुमचं तुमालाच खावं लागनार, बाई."

मी कॉलेजात शिकवायला लागल्यापासून ते मला चेष्टेने 'बाई' म्हणायचे.

ऑपरेशननंतर आम्ही बीडला परत आलो. त्यांना बोलता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून पातळ अन्न जायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत खायला नको म्हणून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवून घ्यायचे. एक दिवस त्यांनी पेल्याने खाटेची पट्टी वाजवली. मी धावत गेले तर माझ्या हातातल्या ताटाकडे बोट दाखवत होते. मला शेजारी बसवलं, ताट आपल्या मांडीवर घेतलं, सगळं नीट बघितलं आणि भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर मेथीची भाजी ठेवून तो कोपऱ्यात सारला. मग ताट माझ्या हातात परत दिलं.

त्यानंतर रोज तसंच. हातातलं बळ कमी झालं तसं मी ताट खालून धरायचे. एका दुपारी ताट मांडीवर ठेवलं, त्यांनी भाकरीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग मी तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला. त्यानंतर ते दोनच दिवस होते.

आता मी एकटीच जेवते. काही दिवस स्वतःच पापुद्रा काढून बाजूला ठेवून बघितला. पण तो आपणच ठेवलेला असतो हे जेवण संपेपर्यंत विसरता येत नाही. म्हणून सोडून दिलं.

ते फोटो पुन्हा काढून बघा. अन्न कुठेही अस्ताव्यस्त राहिलेलं नाही, नीट कोपऱ्यात आहे. शेवटच्या फोटोत आजोबांच्या पुढ्यात बशीच नाही, ती माझ्यापुढे आहे, आणि माझं बोट काकवीने माखलंय. हे तुमच्या बाबाला तुम्हीच सांगा. मी फोनवर सांगायला घेते आणि भलतंच काही बोलून फोन ठेवते. त्याला सांगा, बाबांना जेवण आवडलं होतं. आवडलं नसतं तर त्यांनी ते माझ्यासाठी काढून ठेवलंच नसतं.