नाशिकची रहाड आणि ह्यांचा नियम

मेघाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. रंगपंचमीला नाशिकला येतोय, एवढं सांगायचा अवकाश, लेक म्हणाली, "आई, बाबा या वेळीपण नुसते बसून जाणार असतील ना, तर तुम्ही येऊच नका." आणि फोन ठेवला.

नाशिकचा बेत करणाऱ्या वाचकांना वाटेल, ही बाई फिरायचं सोडून घरातलं काय सांगत बसली. पण हे सांगितल्याशिवाय आमचं नाशिक कळायचं नाही. (आणि मेघाला विचारूनच लिहितेय.) आमच्या ह्यांचा एक नियम आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जुनी पद्धत. आता ती कोणी पाळत नाही, पण हे पाळतात. मेघाच्या लग्नाला चार वर्षं झाली. सांगलीहून तिच्यासाठी भडंग, हळद, बेदाणे पिशव्या भरून न्यायचे, तिच्या घरी सोफ्यावर बसायचं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचं. माझं म्हणाल तर मी पहिल्याच भेटीत तिच्या ओट्याशी उभी राहून पोळी खाल्ली होती. नऊ महिने मी वाढवलंय, मला कसला आलाय नियम!

ह्यांना मी फोनचं सांगितलं नाही. मनात एवढंच धरलं, की या खेपेला ह्यांना लेकीच्या घरी जेवायला बसवायचं. नाही जमलं तर पुन्हा नाशिकचं नाव काढायचं नाही.

आम्ही एसटीनं गेलो. सांगली ते पुणे, पुण्यात उतरून नाशिकची विजेवरची बस. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कंडक्टरपुढे मी जरा ताठच बसते. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत पुण्याहून पाच-साडेपाच तास धरा, पण चाकणला अडकलात तर देवच तारील. राहायला मध्यवर्ती बसस्थानकाजवळ साधं लॉज घेतलं होतं. पंचमीच्या आसपास जाणार असाल तर खोली आधीच सांगून ठेवा.

संध्याकाळी मेघाकडे गेलो. जुन्या नाशकात अरुंद गल्ली, दुसरा मजला, घरात ती, जावई नीलेश आणि आमच्या विहीणबाई. नीलेश सातपूरच्या कारखान्यात शिफ्टवर असतो. दरवेळी जिन्यातच वास यायचा. हे खाणार नाहीत हे माहीत असूनही लेक ह्यांच्या आवडीचं काहीतरी करून ठेवायची. या वेळी जिन्यात वास नव्हता. चहा आला तो मोजका, ह्यांना सोडून बाकीच्यांचा. ह्यांनी पिशवीतून बाटली काढली. मेघानं ती बघितली आणि आत निघून गेली. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

विहीणबाईंनी वातावरण सांभाळलं. ही बाई म्हणजे सोनं आहे, मी मुलाकडच्या बाईबद्दल असं लिहीन असं मला लग्नात वाटलं नव्हतं. माहेर सटाण्याकडचं, आनंद झाला की बोलण्यात अहिराणी डोकावते. म्हणाल्या, "व्याही, घरात नका खाऊ, पण नाशकात खायला तरी बंदी नाही ना? उद्या सकाळी तयार राहा. सगळं नाशिक दाखवते."

आणि खरंच दाखवलं. सकाळी गंगापूर रोडला, गावाबाहेर मळ्यातली मिसळ. चुलीवरचा काळा रस्सा, सोबत दही, पापड आणि हवे तेवढे पाव. माणशी शंभराच्या आसपास जातात आणि दुपारी जेवायची गरज राहत नाही. पोरांसाठी झोपाळे, बैलगाडी, सगळा जत्रेचा थाट. शनिवार-रविवारी नंबर लावून थांबावं लागतं म्हणे, आम्ही मधल्या वारी गेलो म्हणून लगेच टेबल मिळालं. आम्ही सांगलीची माणसं, कोल्हापुरी मिसळीपुढे दुसरीला मिसळ म्हणायची आम्हाला सवय नाही. ह्यांनी नाक मुरडूनच सुरुवात केली आणि रस्सा तीनदा मागून घेतला. पैसे अर्थात ह्यांनीच दिले. लेकीच्या सासरचा रुपया घेतील तर शपथ.

तिथून गंगापूर धरणावर बोटिंगला. बोटी चालू आहेत का, हे आधी विचारून जा, वारा असला की बंद ठेवतात. आमचं नशीब चांगलं. लाइफ जॅकेट घालताना हे बोटीवरच्या पोराला म्हणाले, "मला नको रे, मी कृष्णेत पोहलेला माणूस." तो म्हणाला, "काका, आम्हाला सगळ्यांना घालावंच लागतं." घातलं मुकाट्यानं. ह्यांनी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, आमच्या आळीतली निम्मी पोरं ह्यांनीच नदीत पोहायला शिकवली. मेघालासुद्धा. बोटीत ती ह्यांच्या शेजारी बसली होती. दोघांचेही हात पाण्यात. लहानपणी ही ह्यांच्या पाठीवर बसून कृष्णा पार करायची, आणि आता शेजारी बसून बोलायला एक वाक्य नाही. मला रडूच आलं, पण पाणी उडत होतं म्हणून खपलं.

उतरत्या उन्हात द्राक्षांच्या मळ्यात वाइन कशी करतात ते दाखवतात, तिथे गेलो. माहिती छान देतात, शेवटी थोडीथोडी चव देतात. ह्यांनी "त्यापेक्षा ताक बरं" म्हणून तोंड फिरवलं. विहीणबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, खोकल्याचं औषध!" मी दोन घोट घेतले. मला आवडली. हे अजून त्यावरून बोलतात.

तिसरा दिवस पंचमीचा. नाशिकला धुळवडीचं फारसं कौतुक नाही, खरा रंग पंचमीला. आणि रंग म्हणजे पिचकारी नव्हे, रहाड! जुन्या नाशकात काही चौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशव्यांच्या काळातले म्हणतात. वर्षभर त्यांच्यावर माती आणि ओंडके, वरून रिक्षा जातात, खाली हौद आहे हे परक्याला कळतसुद्धा नाही. पंचमी आली की उकरतात, धुतात, पाणी भरतात आणि रंग घालतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पूजा झाली की लोक वरून उड्या घेतात, त्याला धप्पा मारणं म्हणतात. पुरुषभरापेक्षा खोल पाणी, तेव्हा पोहता येत नसेल तर काठावरूनच मजा बघा. अंगाला खोबरेल चोपडा, टाकून द्यायचे कपडे घाला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

मेघाच्या गल्लीच्या तोंडाशीच एक रहाड आहे, पिवळ्या रंगाची. आम्ही काठावर उभे. ढोल असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हे हात मागे बांधून मास्तरासारखे उभे होते. एक दांडगा पोरगा धावत आला आणि पाण्यावर पोटावर आपटला. ह्यांच्यातला मास्तर जागा झाला. "अरे पाय जुळव! गुडघे कशाला फाकवतोस!" दुसरा आला, तोही आपटला. "हात डोक्याच्या वर! वर!" तेव्हा पाण्यातून एकजण ओरडला, "काका, नुसतं सांगताय काय, दाखवा की!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं. "अहो, खुळे झालात का? वय बघा!" मी म्हणेपर्यंत हे हवेत होते. काय उडी मारली हो! पाणी फारसं उडालंच नाही. चौक एकदम ओरडला. नीलेश काठावर वाकून तयार उभा होता. हे वर आले ते ठसकत, पिवळे धमक, नाकातोंडातून पाणी.

विहीणबाईंनी टाळी वाजवली. "प्यालात! व्याही, आमच्या दारातलं पाणी प्यालात! झकास शे!"

सगळी गल्ली हसायला लागली. विहीणबाईंनी शेजारणींना नियमाची गोष्ट आधीच सांगून ठेवली असणार. मीही हसले, वाटलं, सुटला गुंता. पण हे ठसका आवरत म्हणाले, "ते रस्त्यावरचं पाणी झालं. घरातलं नव्हे." पडलो तरी नाक वर! मेघा एकटी हसत नव्हती. ती वळली आणि जिना चढून वर गेली.

लॉजवर जायचं तर रस्ते बंद, रिक्षावाले ह्यांच्याकडे बघून वेग वाढवत होते, आणि लॉजच्या दारात पाटीच होती, रंगलेल्या अंगानं आत येऊ नये. शेवटी नीलेशनं हात धरून ह्यांना वर नेलं. अंघोळीला लेकीच्या घरचं पाणी चालतं का, यावर हे क्षणभर विचारात पडले, मग अंगाला खाज सुटली म्हणून गेले.

अंघोळ झाली तरी कान पिवळेच. मेघा वाटीत बेसन आणि दूध कालवून आली आणि ह्यांच्या कानामागे चोळायला लागली. नीलेश पुन्हा खाली गेला होता, विहीणबाई खालीच होत्या. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं.

चोळता चोळता ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात, मूल होईलच असं सांगता येत नाही. आम्ही दोन वर्षं खेटे घालतोय. नाहीच झालं तर तुम्ही माझ्याकडे कधीच जेवणार नाही का?"

तिचा हात चालूच होता.

"तुमची ती बाटली बघितली ना, की मला वाटतं मी नापास झालेय. तुम्ही काही बोलत नाही, पण दरवेळी मला तसंच वाटतं."

मला वाटलं, आता हे उठून जातील. ह्यांना रडणं जमत नाही, उठून जाणं जमतं. पण हे बसून राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या डोक्यात असं कधी आलंच नाही गं. शप्पथ. मला वाटायचं, मी तुझा मान ठेवतोय." आणि थोड्या वेळानं, "जेवायला काय आहे?"

मेघाचा हात थांबला. "तुमच्यासाठी आज काहीच केलं नाही, बाबा. दरवेळी करायचे. सकाळची आमटी आहे, भात आहे."

"आमटी-भात चालेल. आधी पाणी दे."

तिनं पाणी दिलं. ह्यांनी ते एका दमात संपवलं आणि भांडं पुन्हा पुढे केलं. मी ओट्याला धरून मनसोक्त रडले, लपवलं नाही. आमटी खारट झाली होती, हे मी नंतर चाखून बघितलं. हे दोनदा वाढून घेऊन जेवले. विहीणबाई वर आल्या, ताटाकडे बघितलं आणि लोणच्याची बरणी आणून ह्यांच्यासमोर ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी पांडवलेण्यांना गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, ऊन चढायच्या आत जा. वरून सगळं नाशिक दिसतं. मेघानं डबा दिला होता, तो लेण्यांपाशी पोचायच्या आधीच संपला. परतीच्या बसमध्ये ह्यांच्या मांडीवर मेघानं दिलेली द्राक्षांची पेटी होती आणि हे तिला हात लावू देत नव्हते.

नाशिकमध्ये बघण्यासारखं अजून पुष्कळ आहे, आमचं निम्मंही झालं नाही. पण मला त्या गावाचे आभारच मानायचे आहेत. त्या मिसळवाल्याचे, बोटीवरच्या पोराचे, "दाखवा की" म्हणणाऱ्या त्या अनोळखी पोरट्याचे, आणि माझ्या लेकीला हसत सांभाळणाऱ्या विहीणबाईंचे तर किती मानू!

आल्यावर आठवड्यानं समोरच्या काकू दारात आल्या. त्या चार वर्षं एकच प्रश्न विचारतात आणि हे चार वर्षं पेपरात तोंड खुपसतात. "काय मास्तर, नाशिकला जाऊन आलात म्हणे. नातवंडाचं काय कळलं का?"

ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मेघा बरी आहे," हे म्हणाले. "तिच्याकडे जेवलो. मे महिन्यात परत जातोय, तिच्याच घरी राहणार आहे."

ह्यांनी त्यांच्या हातावर द्राक्षांचा घोस ठेवला आणि म्हणाले, "खा. पोरीच्या घरची आहेत."