बाईंच्या सभेचा भोंगेवाला

माझ्या बाबांना सारं गाव 'भोंगेवाले' म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. राग मला यायचा. कर्णे, अँप्लिफायर, वायरची भेंडोळी आणि जुने माईक एवढ्या पसाऱ्यावर त्यांनी उभ्या हयातीत प्रत्येक पक्षाची सभा वाजवली. सकाळी एकाची, संध्याकाळी त्याला शिव्या घालणाऱ्या दुसऱ्याची. मी चिडवायचे, "बाबा, तुमचं मत तरी कुणाला?"

"ते मतपेटीला ठाऊक. माझ्या माईकपुढे उभा राहिला तो माझा पाहुणा. त्याचा आवाज मी दाबत नाही."

इतका सरळ बाप असला की घरातल्या बाकीच्यांना थोडं वाकडं व्हावं लागतं. मी आणि आई, आम्ही दोघी झालो होतो.

पुढे सत्तेवरच्या मोठ्या साहेबांनी देश धोक्यात आहे म्हणून निवडणूक लांबणीवर टाकली. मग पुन्हा टाकली. त्यानंतर तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. भलेभले मूग गिळून बसले. उघड बोलणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे बाई. शाळेत शिकवता शिकवता राजकारणात आलेल्या, साहेबांच्याच मंत्रिमंडळात बसलेल्या, आणि निवडणूक पहिल्यांदा लांबली त्याच दिवशी मंत्रिपदावर लाथ मारून बाहेर पडलेल्या. त्यांना तुरुंगात टाकलं, ओरड झाली तसं सोडलं, आणि जगाला दाखवायला म्हणून आमच्या मैदानात एका सभेची परवानगी दिली. भोंगे अर्थातच आमचे.

सभेच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं. भिंतीवर सभेची पत्रकं चिकटवत होता. आम्ही चौकीवर जायला निघालो, तेवढ्यात फौजदारच दुकानात आले. साधे कपडे, हसरा चेहरा.

"भोंगेवाले, बाईंना काय हवं ते बोलू द्या. फक्त त्या निवडणुकीचं बोलायला लागल्या की आवाज बंद. वायर जळाली म्हणा. पोराला लगेच सोडतो."

"आणि नाही जळाली तर?"

"तर पुढचं माझ्या हातात नाही. शेवटी देशाचा प्रश्न आहे."

देश, असं तो माणूस अशा थाटात म्हणाला की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "अहो, वायर जळते कधी कधी. बाई काय, भाषण उद्याही करतील. मला मुलगा एकच आहे." मी आईच्याच बाजूची होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. बाबा एक माईक पुसत बसले, तो स्वच्छ होता तरी.

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरलं. फौजदार अँप्लिफायरला खेटून खुर्ची टाकून बसले. मी वायरींपाशी होते. बाबा स्टेजवर गेले, बाईंच्या उंचीला स्टँड लावायला. नेहमीचंच काम. पण स्टँड पिळताना त्यांचे ओठ हलताना दिसले. त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं होतं, ते मला मागाहून कळलं. पोरगा चौकीत आहे, तुम्ही निवडणुकीचं काढलंत की मी आवाज बंद करणार. चोरून बंद करणं त्यांच्याच्यानं होईना. बाईंनी एवढंच विचारलं, "केवढा आहे मुलगा?"

भाषण सुरू झालं. पाणी, शाळा, धान्याचे भाव. फौजदार मजेत पाय हलवत होते. बाबांचा अंगठा बटणावर होता आणि माझा जीव त्या अंगठ्यात. मग बाई एकदम थांबल्या. त्यांनी माईक स्टँडवरून काढला आणि टेबलावर ठेवला. "यापुढचं मी माईकशिवाय बोलते. माईकवाल्यांचा यात काही दोष नाही. पुढच्यांनी मागच्यांना सांगा."

त्या स्टेजच्या कडेला आल्या. पुढची माणसं त्यांचं वाक्य मागे सांगू लागली, मागची त्याच्याही मागे.

"बंद कर!" फौजदार ओरडले.

"बंदच आहे साहेब. त्यांच्या हातात माईक कुठाय?"

एवढं सरळ तोंड करून हे फक्त माझा बापच बोलू शकतो. तशातही मला हसू आलं.

"मग गाणं लाव. देशभक्तीचं. सगळा आवाज सोड. आत्ताच्या आत्ता!"

तसली गाणी आमच्याकडे ढिगानं होती. ती त्या कर्ण्यांतून सुटली असती तर शेजारच्याचं बोलणंही कुणाला कळलं नसतं. बाबांनी एकदा फौजदारांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. लावा बाबा, मी मनात म्हणत होते, लावा आणि त्याला सोडवा.

त्यांनी लावलं. राष्ट्रगीत.

सगळं मैदान होतं तिथे ताठ उभं राहिलं. कुजबुज थांबली. काठ्या घेतलेले शिपाई खांबासारखे झाले. फौजदारांनाही उठावं लागलं. हात सरळ, मान वर आणि डोळे बाबांवर रोखलेले. शिवीसुद्धा देता येईना. राष्ट्रगीत संपलं आणि कुणीही हललं नाही. त्या शांततेत बाईंचा साधा, वर्गात बोलावा तसा आवाज पार मागच्या कुंपणापर्यंत गेला.

"देश आपल्या सगळ्यांचा आहे. मग तो कुणी चालवायचा, हेही आपणच ठरवायचं. निवडणूक घ्या. मी हरले तर घरी जाईन. साहेब हरले तर त्यांनी जावं. मला दुसरं काही मागायचं नाही."

टाळ्या नुसत्या कोसळल्या. फौजदारांनी लाथ मारून अँप्लिफायर उलटा केला. "पोराला विसर आता," म्हणाले आणि निघून गेले. बाबा तिथेच मटकन बसले. "काय करून बसलो गं मी," असं पुनःपुन्हा म्हणत राहिले. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसंही वाटत होतं आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. यातलं मी काहीच केलं नाही.

बाई स्टेजवरून उतरल्या आणि कुणाशी न बोलता चौकीची वाट चालू लागल्या. मागे आम्ही, धापा टाकत येऊन मिळालेली आई, आणि आमच्या मागे माणसंच माणसं. चौकीच्या दारात बाई फौजदारांना म्हणाल्या, "तुम्हाला मी हवी आहे ना? मग पोर कशाला अडकवून ठेवता? त्याला सोडा, मी आत येते."

फौजदारांनी गर्दीकडे पाहिलं. आत जाऊन कुणाला तरी फोन केला. तेवढा वेळ आईनं बाबांची बाही घट्ट मुठीत धरून ठेवली होती, आणि बाईंकडे ती बघतही नव्हती.

भाऊ बाहेर आला. ओठ सुजलेला, एका पायात चप्पल नाही. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. दार लागलं.

आईनं भावाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं आणि माझ्या हवाली केलं. मला वाटलं, आता ही घरी निघेल. ती चौकीच्या पायरीवर जाऊन बसली.

"उठा, इथे बसायचं नाही," शिपाई म्हणाला.

"माझा मुलगा बाहेर आणि त्या आत. मी घरी कशी जाऊ? त्यांना सोडा, नाहीतर मलाही आत घ्या."

बाबा तिच्या शेजारी बसले. मी भावाला धरून खालच्या पायरीवर बसले. शिपाई फौजदारांना विचारायला आत गेला. तो परत आला तेव्हा त्याला पाय ठेवायलाही पायरीवर जागा उरली नव्हती.