रंगनाथ आहेरचं एरंडेल

आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत २००३ च्या सुमारास एक बातमी पक्की झाली होती, की शेवटच्या रो-हाऊसमधला रंगनाथ आहेर घरात हातभट्टी लावतो. पुरावेही होते. मागच्या पडवीत पांढरे कॅन, कॅनवर कवटीचं चित्र, रविवारी सकाळी नाकात जाणारा उग्र वास, आणि कंपनी बंद पडल्यामुळे दिवसभर घरी असलेला माणूस. ही बातमी मी पसरवली, असं आमच्या घरात अजून बोललं जातं. मी फक्त तीन घरी सांगितलं होतं. चौथ्या घरापासून ती आपल्या पायांनी चालत गेली.

शेवटी मी वाटी घेऊन साखर मागायच्या निमित्ताने त्याच्या पडवीत शिरलो. तिथे भट्टी नव्हती. एक हातभर लांबीची मोटार होती, रिमोटवर चालणारी, आणि तिच्या पोटात लिंबाएवढं खरंखुरं इंजिन. वास येत होता तो तिच्या इंधनाचा.

"दारू नाही ती, मिथेनॉल आहे," रंगनाथ म्हणाला. "घोटभर प्यायलास तर डोळे जातील, जास्त प्यायलास तर तू जाशील. गल्लीत सांगायचं असेल तर हे सांग."

मी सांगितलं. ही बातमी मात्र तितकीशी चालली नाही.

तेव्हापासून मी त्याच्या पडवीतला कायमचा पाहुणा. त्यामुळे त्याची गोष्ट सांगायचा हक्क माझाच.

रंगनाथ मूळचा देवळ्याकडचा. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. २००१ मध्ये कारखाना बंद झाला. शेवटचे तीन महिने काम नव्हतं, पण हजेरी होती. बाकीचे पत्ते खेळत बसले, आणि हा जुन्या लेथवर एक पिस्टन आणि त्याची स्लीव्ह, म्हणजे तो ज्यात वर-खाली होतो ती नळी, कातत बसला. ओझरकडचे भिमाजी पगार म्हणून त्याचे एक स्नेही आहेत, छोटी विमानं उडवणारे. त्यांच्याकडे एका छोट्या इंजिनाचं नुसतं कवच पडून होतं. रंगनाथने त्याच्या आतला जीव तयार केला. लोखंडी पिस्टन, पोलादी स्लीव्ह, रिंग नाही. हाताने पेस्ट लावून, घासून घासून, महिनाभरात त्या दोघांची जोडी जमवली. दोन्हींमध्ये तेलाचा पापुद्रा मावेल एवढीच फट. पुढच्या आठवड्यात तो लेथ भंगारात गेला.

म्हणजे ती जोडी जळली तर पुन्हा होणार नव्हती. बाजारात मिळणारी नव्हती, आणि करायला मशीन उरलं नव्हतं. रंगनाथ इंधनाच्या बाबतीत सासूसारखा वागायचा, त्याचं कारण हे.

मला त्याने ते मिसळीच्या भाषेत समजावलं होतं. नाशिककराला दुसरी भाषा कळत नाही. मिथेनॉल म्हणजे मटकी, मुख्य पदार्थ तोच. एरंडेल म्हणजे तेल, इंजिनाला घासू न देणारं. आणि नायट्रोमिथेन म्हणजे वरची तर्री. तर्री वाढवली की जोर येतो, गाडी उसळते, पण उष्णताही वाढते. परदेशी इंजिनं तीस टक्के नायट्रो पचवतात. त्यांच्या टिनात तेल मात्र दहाच टक्के, तेही कृत्रिम. रंगनाथच्या लोखंडी पिस्टनला वीस टक्के एरंडेल लागायचं आणि नायट्रो दहाच्या आसपास. त्याहून तेल कमी झालं तर पिस्टन स्लीव्हला धरून बसणार. ते एकदाच होतं, दुसऱ्यांदा व्हायला काही शिल्लक राहत नाही.

कॉलेज रोडवर खेळण्यांचं दुकान चालवणारा मनोज या गोष्टीवरून त्याला छळायचा. तीस टक्क्यांची टिनं तोच विकायचा. "काका, तुमच्या गाडीला जुलाब होतील एक दिवस," असं दर रविवारी म्हणायचा. मीही हसायचो. विनोद चांगला होता.

आता त्या दिवसाकडे येतो. २००५ चा मे, रविवारी आलेली अमावस्या. अमावस्येला लासलगावात कांद्याचे लिलाव बंद, म्हणून ट्रॅक्टरविना रिकामं पडलेलं मोठं आवार रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी मागून घेतलं होतं. कांद्याच्या गोण्या भरून वळणं आखली होती. सकाळी नऊलाच चटके बसत होते आणि कांद्याची सालं वाऱ्यावर पळत होती.

सरावाच्या पहिल्या फेरीतच रंगनाथची गाडी बिघडली. सरळ रस्त्यावर गुरगुरायची, मध्येच आचके द्यायची, वळणावर बंद पडायची. त्याने इंधनाची सुई थोडी आवळली, म्हणजे इंधन कमी जाईल अशी केली. गाडी जरा सुधारली, मग पुन्हा आचके. पुन्हा आवळायला हात गेला आणि तिथेच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी सुई आवळतोय म्हणजे तेलही कमी जातंय. अजून दोनदा असं केलं तर इंजिन गेलं." त्याने आतला ग्लो प्लग काढला. त्यातली तार तापत राहिली की इंजिन चालतं. नवा प्लग घातला, तरी तेच. मग त्याने कॅन उचलून उन्हात धरला. मला काही दिसलं नाही. त्यालाही दिसलं नाही, पण त्याचा चेहरा बदलला.

"यात पाणी आहे."

"दिसत तर नाहीये."

"पेट्रोल असतं तर खाली बसलेलं दिसलं असतं. मिथेनॉल पाण्याला पोटात घेतं. रात्री मी स्वतः झाकण लावलं होतं. तुझा फोन दे."

त्याने घरी फोन लावला. कमळाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने उचलला. फोन माझा जुना, आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू यायचा.

"आई, सकाळी पडवीतल्या कॅनला कोणी हात लावला?"

"मीच लावला. आज अमावस्या हाय. मालट्रकवाले गाडी पुजल्याबिगर चाक हलवत नाय, आन तू लिंबूमिरचीबी बांधली नाय. मी गाडीला हळदकुंकू लावलं."

"गाडीला लावलंस ते पाहिलं. कॅनचं विचारतोय."

"कॅनात रामकुंडाचं तीर्थ घातलं. फुलपात्रभर."

रंगनाथने डोळे मिटले. "आई, त्यावर कवटीचं चित्र आहे ना?"

"म्हणून तर घातलं. म्हटलं, काहीतरी वंगाळ दिसतंय, शुद्ध होऊ दे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "का रे, कमी पडलं का?"

"नाही आई. पुष्कळ झालं."

त्याने फोन मला परत दिला. मी हसू दाबायला तोंड फिरवलं. परत वळून पाहिलं, तर तो इंजिनावर हात ठेवून उभा होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. माझं हसू गेलं.

अंतिम फेरीला चाळीस मिनिटं होती. वीस मिनिटांची शर्यत, पाच गाड्या. आणि रंगनाथकडे चार लिटर निरुपयोगी इंधन.

मनोज टिन घेऊन आला. मनाने वाईट नाही तो. "काका, घ्या. सीलबंद आहे, तीस टक्के. पैसे नकोत."

भिमाजी आपला कॅन घेऊन आले. ते विमानं उडवायला आले नव्हते, पण कॅन गाडीत असायचाच. "रंगनाथभाऊ, माझ्याजवळ विमानाचं हाय. नायट्रो थेंबभर नाय, एरंडेल बावीस टक्के. इंजिन मरायचं नाय, पण गाडी म्हशीवानी चालंल."

"तीस टक्के घातलं तर?" मी विचारलं.

"पाच मिनिटं वाऱ्यासारखी पळेल," रंगनाथ म्हणाला. "सहाव्या मिनिटाला थांबेल. कायमची."

"मग आज राहू दे ना. नाव मागे घे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी साखरेची वाटी घेऊन परत जावं असं मला वाटलं. "हे काय कपाटात ठेवायला केलंय?" एवढंच बोलला आणि खाली बसून खडूने फरशीवर आकडे मांडायला लागला.

भिमाजींचं एक लिटर, मनोजचं अर्धं. नायट्रो दहा टक्के, म्हणजे ठीक. तेल मात्र अठराच. त्याच्या पिस्टनला वीस हवं होतं, आणि त्या मे महिन्याच्या उन्हात वीसच्या खाली तो जाणार नव्हता.

"मेडिकल उघडं असेल ना?" त्याने मला विचारलं.

लासलगावच्या स्टेशनजवळ एक औषधाचं दुकान उघडं सापडलं. मी धापा टाकत एरंडेल मागितलं. दुकानदाराने माझ्या वयाकडे पाहून विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही, मोटारीसाठी आहे." त्याने शंभर मिलीची बाटली दिली आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती. रंगनाथने टाकी रिकामी केली होती, भिमाजींच्या इंधनाने इंजिन दोनदा धुतलं होतं. अर्धी बाटली नव्या मिश्रणात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि मिश्रणाचा कोरडा कॅन हलवत राहिला. बावीस वर्षं केसाएवढं मोजमाप करणारे हात, आणि इथे पाण्याच्या जुन्या बाटलीत अंदाजाने मापत होते.

"जमेल ना?" मी विचारलं.

"कागदावर जमतंय. इंजिन कागद वाचत नाही."

शर्यत सुरू झाली. रंगनाथच्या गाडीमागे निळसर धुराची रेघ होती. ती रेघ म्हणजे तेल जातंय, असं त्याने मला शिकवलं होतं. मी गाडी पाहतच नव्हतो, रेघ पाहत होतो. मनोजची गाडी पहिल्याच फेरीत पुढे निघाली. रंगनाथ चौथा, मग तिसरा. सात मिनिटांनी टाकी भरायला गाडी आत आली. माझी कामं दोन होती. बाटली दाबून टाकी भरायची, आणि इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकून मोजायचं. थेंब तीन मोजेपर्यंत टिकला तर ठीक. टाकल्याबरोबर उडाला तर इंजिन भाजतंय.

"एक, दोन, तीन," मी मोजलं.

"जा," तो गाडीलाच म्हणाला.

अकराव्या मिनिटाला त्याच्या पुढची एक गाडी गोणीवर आदळून बाद झाली. रंगनाथ दुसरा आला. हमाल, वॉचमन, जवळच्या वस्तीतली माणसं कट्ट्यावर उभी राहून ओरडत होती. मनोज अर्ध्या फेरीने पुढे होता, आणि अंतर कमी होत होतं. पण धुराची रेघ बारीक झाली होती. रंगनाथलाही ते दिसलं असणार, कारण त्याने ओठ आत ओढून घेतला होता.

चौदाव्या मिनिटाला गाडी पुन्हा आत आली. मी थेंब टाकला.

"एक, दो..." थेंब गेला.

"किती?"

"दोनच्या आत."

टाकी भरली होती. मनोजची गाडी समोरून गेली. भिमाजी माझ्या मागून म्हणाले, "भाऊ, सा मिनिटं उरली. जाऊ द्या तशीच, पैला येताल." कट्ट्यावरूनही तेच ओरडत होते. खरं सांगायचं तर माझ्याही तोंडात तेच होतं.

रंगनाथने खिशातून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सुई फिरवली. आवळली नाही, सैल केली. एक अष्टमांश फेरा. जास्त इंधन, जास्त तेल, कमी वेग. मग गाडी सोडली.

गाडी जड आवाजात निघाली. मागे पांढरा दाट धूर. कट्ट्यावरून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा घाबरला." रंगनाथने मान वळवली नाही. त्याचे अंगठे रिमोटवर होते, आणि नजर धुरावर. सतराव्या मिनिटाला तिसऱ्या गाडीने त्याला मागे टाकलं. मी घड्याळ बघत होतो. अठरा. इंजिनाचा आवाज मध्येच खोल गेला, मग पुन्हा वर आला. एकोणीस.

शिट्टी झाली. मनोज पहिला, रंगनाथ तिसरा.

गाडी आणून त्याने उलटी केली, प्लग काढला आणि इंजिन निवायची वाट पाहिली. मग अंगठ्याने इंजिनाचं चाक, फ्लायव्हील, हळूच फिरवलं. जोडी शाबूत असली की पिस्टन अगदी वर पोचताना जरासा अडतो, घट्ट लागतो. झिजली असेल तर सरळ निघून जातो. त्याने फिरवलं. पिस्टन अडला. त्याने परत फिरवलं, पुन्हा अडला. मग माझा अंगठा धरून त्यावर ठेवला आणि मलाही फिरवायला लावलं.

"लागलं?"

"लागलं," मी म्हणालो.

तो तिथेच फरशीवर बसला आणि पहिल्यांदा पाणी प्यायला.

तेवढ्यात मनोज बक्षिसाची ढाल बगलेत मारून आला. बाकीची मंडळीही मागे होती, त्यामुळे तो जरा मोठ्याने बोलला. "काका, माझं अर्धं लिटर घेतलंत आणि त्यात औषधाच्या दुकानातलं एरंडेल ओतलंत. वर शेवटी सुई सैल केलीत. माझं टिन तसंच भरलं असतं तर ही ढाल आज तुमच्या घरी गेली असती."

रंगनाथने फडक्याने इंजिन पुसलं आणि म्हणाला, "ढाल तू घरी ने, मनोज. मी इंजिन घरी नेतो."