फार गुणी बाळ

प्रमोदिनी सबनीस यांना वॉर्डात कुणी सिस्टर म्हणत नसे. दिल्लीतल्या त्या भल्यामोठ्या सरकारी इस्पितळात, बाळंतिणींच्या मजल्यावर, त्या 'दूधवाली मौसी' होत्या. हे नाव पडलं एका बुलंदशहरच्या सासूच्या रागातून. सुनेच्या उशीखाली तिने लपवलेली बाटली बाईंनी हुडकून काढली आणि साऱ्या वॉर्डाला उंच धरून दाखवली. "ये किसकी है? बच्चे की, या दादी की?" बायका फिदीफिदी हसल्या, आणि सासू तणतणत म्हणाली, "बड़ी आई दूधवाली मौसी." नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंना ते मनातून आवडलं होतं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

सोळा वर्षं त्यांचं काम एकच होतं, नव्या आईला दूध पाजायला शिकवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण टाके दुखणारी, घाबरलेली, चार नातेवाइकांच्या सल्ल्याने भंडावलेली पोर समोर असते आणि बाळ किंचाळत असतं, तेव्हा भल्याभल्यांचे हात थरथरतात. बाईंचे थरथरत नसत. मध चाटवणाऱ्या आज्या, घुट्टी आणणाऱ्या आत्या, पहिलं पिवळं दूध घाण म्हणून पिळून टाकणाऱ्या काकवा, सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या. त्यांच्या कपाटात जप्त केलेल्या बाटल्यांचा एक खणच होता.

लोकांना त्यांचा हट्ट दिसे, पण त्यांची खरी विद्या एका वहीत होती. प्रत्येक बाळाचं एक पान. किती वेळा प्यायलं, किती वेळा ओलं केलं, वजन किती उतरलं. चौथ्या दिवशी निदान चारदा ओलं व्हायला हवं, सहाव्या दिवशी सहादा. त्यासाठी त्या जुन्या सुती साड्यांचे लंगोटच वापरायला लावत, कारण ओल हाताला लागली पाहिजे. आणि वजन दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं की कसलाही मानापमान न ठेवता डॉक्टरला हाक मारायची. डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, आईला दूध उतरेपर्यंत. "रोने वाले से मत डरो," त्या नव्या नर्सना सांगत, "चुप वाले से डरो."

अशा या बाईंची एकुलती एक मुलगी सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, दिल्लीच्याच द्वारका भागात आली. माहेर म्हणजे सहाव्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. वडील सूर्यकांत केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सृष्टी गुरुग्रामला आयटीत, जावई साकेतही तिथेच. बाईंनी महिन्याची रजा टाकली. डिंकाचे लाडू वळले, अळीव निवडून ठेवले, जुन्या साड्या फाडून, उकळून, इस्त्री करून लंगोटांची चळत लावली.

मे महिना होता. पारा पंचेचाळिशीला टेकलेला. गुरुग्रामच्या एका खासगी दवाखान्यात सिझेरियन झालं. मुलगी, पावणेतीन किलोंची, भरपूर जावळ. बाईंनी सोळा वर्षांत हजारो बाळं हाताळली होती, पण हिला घेतलं आणि त्यांचे हात पहिल्यांदा थरथरले.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर तारीख लिहून दिली. "वजन थोडं उतरलंय. परवा आणून दाखवा, नक्की आणा."

"या उन्हात कुठे आणू तिला? मी आहे की घरी. माझं कामच हे," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर पहिली हार लंगोटांची झाली. साकेतने डायपरचे दोन मोठे गठ्ठे आणले होते. "आई, यार, कोण धुणार ते कपडे? आणि एसीत सुकणार कधी?" सृष्टी म्हणाली. लेकीचे टाके, तिचा उतरलेला चेहरा, बाईंना नाही म्हणवलं नाही. चळत कपाटात गेली. डायपर मात्र असे, की आत काही झालं आहे की नाही, हाताला कळतच नसे.

दुसरी गोष्ट चौथ्या दिवशी सकाळी झाली. साकेतने पावडरच्या दुधाचा एक डबाही आणून ठेवला होता, असू दे म्हणून. तासभर पाजून दमलेली सृष्टी म्हणाली, "आई, मला वाटतं काहीच येत नाहीये. ती ओढते आणि झोपते. थोडा फॉर्म्युला देऊन बघायचा का?"

"येतं गं. ओढत राहिली की येतं. सगळ्यांना असंच वाटतं."

"पण नाही येत आहे. बिल्कुल नाही. मला कळतंय ना."

बाईंनी हसत हसत डबा उचलला आणि स्टूल घेऊन माळ्यावर टाकला. "अगं, दूधवाली मौसीच्या घरात डबा उघडला, तर उद्या वॉर्डात मी तोंड कसं दाखवू?"

साकेतही हसला. सृष्टी हसली नाही, पण आईला सगळं कळतं, या विश्वासाने तिने पोरीला पुन्हा छातीशी धरलं. सांगायला जीव कासावीस होतो, पण जिथे ताठ राहायचं तिथे त्या बाई वाकल्या होत्या, आणि वाकायचं तिथे ताठ राहिल्या.

त्या दिवशी दुपारपासून पोर शांत झाली. रडणं नाही, कुरकुर नाही. उठवावी तेव्हा दोन घोट ओढल्यासारखं करायची आणि मान टाकायची. शेजारच्या बाई बघायला आल्या तर म्हणाल्या, "कितनी सीधी बच्ची है." बाईंनी कौतुकाने मान डोलावली. "हो, फार गुणी आहे. तिच्या आईने मला सहा महिने झोपू दिलं नव्हतं." सूर्यकांत बारशासाठी हॉलचे दर विचारत फोनवर होते. घरात सण असल्यासारखं वातावरण होतं. बाईंनी त्या दिवशी वजन बघितलं नाही, ओलं किती वेळा झालं ते मोजलं नाही. वही वॉर्डातल्या खणात होती, आणि आजीला वही लागत नाही, असं त्यांना वाटलं असावं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला अंग पुसायला म्हणून त्यांनी डायपर सोडला. तो कोरडा होता. मधोमध विटेच्या भुकटीसारखा एक तांबूस डाग, पोटात पुरेसं दूध न गेल्याची खूण. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंग चटका बसेल असं तापलेलं. पुढचं त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती, पुस्तकात असतं तसं सगळं त्यांच्या पुढ्यात पडलं होतं. "साकेत, गाडी काढ," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी तिला आपल्याच इस्पितळात नेलं. काट्यावर दोन किलो दोनशे. रक्तातलं मीठ भलतंच चढलेलं. नळी लागली, सलाईन लागलं, ते मीठ हळूहळूच उतरवायचं असतं म्हणून तासातासाला रक्त काढलं गेलं. दुसऱ्या दिवशी झटके सुरू झाले. काचेच्या पेटीवरच्या पट्टीवर नाव होतं, 'बेबी ऑफ सृष्टी', कारण बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं.

आणि ज्या दिवशी पोर दाखल झाली, त्याच संध्याकाळी सृष्टीला दूध उतरलं. असं उतरलं, की ब्लाउज, ओढणी, सगळं भिजलं. ती दर तीन तासांनी खुर्चीत बसून दूध काढायची. नर्स त्यातलं थोडं नळीतून पोरीला द्यायची, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायची. चार दिवस सृष्टीने एक वेळ चुकवली नाही. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती दूध काढतच होती, तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

घरी आल्यावर ज्याने त्याने आपापली समजूत काढली. कुणी म्हणालं नशीब, कुणी उन्हाळ्याला दोष दिला. सूर्यकांतांनी बायकोला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. त्यांना सगळं कळलं होतं, चाळीस वर्षांचा संसार होता. "अगं, आता काही बोलू नकोस. पोरगी मोडलीय. तू बोललीस तर तिला आईसुद्धा उरणार नाही."

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सल्ला सोयीचा होता, आणि त्यांनाही ती सोय हवीशी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सृष्टीला ताप चढला. छाती दगडासारखी झाली होती, हात लावू देववत नव्हता. अशा बायका बाईंनी शेकड्यांनी मोकळ्या केल्या होत्या. त्या ओल्या थंड घड्या आणि एक वाटी घेऊन पलंगाशी बसल्या. सृष्टीने गाऊनची बटणं सोडली आणि छताकडे बघत पडून राहिली. बाईंची बोटं आपोआप कामाला लागली.

"आता का येतंय गं?" सृष्टी म्हणाली.

बाईंनी छातीवरची घडी बदलली.

"तेव्हा नाही आलं. आता कोणासाठी येतंय? माझ्यातच काहीतरी कमी होतं ना, आई? साकेत म्हणत नाही, पण त्यालाही वाटत असेल. माझ्या दुधाने उपाशी मारलं तिला."

एवढं ऐकल्यावर मात्र गप्प राहणं बाईंना जमलं नाही. त्यांनी हात थांबवला.

"तुझ्यात काही कमी नव्हतं. सिझेरियननंतर कधी कधी पाचव्या दिवशी उतरतं. मला माहीत होतं ते. तोपर्यंत वजन बघायचं, आणि लागलं तर वाटी-चमच्याने वरचं द्यायचं. वॉर्डात मी स्वतः देते."

सृष्टीने मान वळवली. "डब्यातलं?"

"हो. डब्यातलंसुद्धा."

"मग मी मागितलं तेव्हा का नाही दिलंस?"

"मला लाज वाटली. लोक काय म्हणतील, असं वाटलं. आणि मी मोजलंही नाही, सृष्टी. परक्यांच्या पोरांचं मोजते, हिचं नाही मोजलं. तू सांगत होतीस, आणि तुझं बरोबर होतं."

सृष्टीने आईकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग म्हणाली, "हात काढ."

बाईंनी हात काढला.

"तिकडे जा. दारात."

त्या उठून दाराशी उभ्या राहिल्या. सृष्टी उठून बसली, वाटी मांडीवर घेतली आणि स्वतःच दाबू लागली. चुकीचं दाबत होती, टोकालाच चिमटत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वाटीत थेंब पडेना.

"सांग कसं करायचं," ती खाली बघतच म्हणाली. "हात नको लावूस. नुसतं सांग."

"अंगठा वर," बाई म्हणाल्या. "चार बोटं खाली. टोकापासून जरा लांब धर. आधी मागे, छातीकडे दाब. मग पुढे. ओढू नकोस." वॉर्डात हेच त्या हिंदीत दिवसातून वीसदा म्हणत, तेव्हा त्यांचा आवाज कसा खणखणीत असायचा. आता तो मध्येच फुटला, आणि चौकटीला धरून त्या थांबल्या.

वाटीत पहिली धार पडली होती. सृष्टीने वर पाहिलं नाही.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "दुखतंय मला. सांगत राहा."