चौकावरचे पत्रे

नकाशेवाली पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मला तिचा रागच आला. ओळख ना पाळख, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि खिडकीतून खालचा मोकळा प्लॉट बघत उभी राहिली. तिथे तिच्या धाकट्या बहिणीचं घर व्हायचं होतं.

"मावशी, इथून खालचं सगळं दिसतं ना?"

"दिसतं. पण मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही हो," मी फणकारले. आहे खरं तर. गल्लीत कुणालाही विचारा.

"मग लावून घ्या," ती म्हणाली.

घरांचे नकाशे काढणं हा तिचा धंदा. तिच्या प्रत्येक घरात मधोमध आभाळाला उघडा चौक, सगळ्या खोल्यांची दारं त्या चौकात, आणि तो शेजारच्या एका तरी खिडकीतून दिसलाच पाहिजे. जागा फुकट जाते म्हणून गिऱ्हाइकं कटकट करायची. ही ढिम्म. का, ते तिनं चहा पिता पिता मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "आमची आई मधल्या बंद खोलीत मेली. बापानं मारली. भिंतीपलीकडे माणसं जेवत होती."

घर झालं. धाकटी चौकात कपडे वाळत घालताना मला हात करायची. नवरा तोंडावर गोड, पण मला काही तो माणूस पटला नव्हता. एके दिवशी भर चौकात त्यानं तिच्या कानाखाली जाळ काढला. मी वरून अशी बोंब ठोकली की गल्ली गोळा झाली. मेला आत पळाला.

आठवड्याभरात त्यानं चौकावर पत्रे ठोकले. म्हणे धूळ येते. धूळ! तेव्हापासून धाकटी दिसेना. पत्र्यांखाली नुसती आदळआपट. दार वाजवलं की तो फटीतून हसायचा, "भांडी पडली हो मावशी."

त्या दुपारी आवाज आला तो भांड्यांचा नव्हता. मी नकाशेवालीला फोन केला. बांधकामावरची पहार घेऊन ती धावत आली. खालचं दार आतून बंद. माझ्या खिडकीतून ती त्याच्या गच्चीवर उतरली आणि पत्रे उचकटू लागली. तो जिन्यानं वर आला, हातात लोखंडी गज. पहिलाच घाव तिच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचं मला वरून ऐकू आलं. तिनं पहार डाव्या हातात घेतली. दुसरा घाव खांद्यावर बसला. ती किंचाळली, पण पत्रा सोडला नाही. पत्रा खाली कोसळला आणि धाकटी दिसली. भिंतीला टेकलेली, केस रक्तानं चिकटलेले, डोळे उघडे.

त्यानं तिसऱ्यांदा गज उगारला, या वेळी नकाशेवालीच्या डोक्यावर. मी ओट्यावरचा बत्ता उचलून फेकला. माझा नेम जन्मात कधी लागला नाही. त्या दिवशी लागला. गुडघा फुटून तो आडवा झाला, तोवर गल्लीनं दार फोडलं होतं. लोकांनी त्याला तुडवला. मी कुणाला थांबवलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

नकाशेवालीची दोन बोटं आता वळत नाहीत. धाकटी तिच्याकडेच राहते. ताई नकाशा सांगते, धाकटी रेघा मारते.

परवा मी तिथे बसले होते, तर एक जोडपं आलं. नकाशातला चौक बघून नवरा म्हणाला, "पुढेमागे यावर पत्रे टाकता येतील ना?"

धाकटीनं पेन्सिल खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बायकोला विचारलं, "वहिनी, पत्रे तुम्हाला हवेत की यांना?"

ती बाई पदर ओढून मनगट झाकत बसली.