भंगाराच्या भावात बेंडकी

ज्या वर्षांत कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात परदेशी मोटारी भंगाराच्या भावात मिळत. आज हे कोणाला सांगितलं तर तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की हा रिटायर झालेला ढोरांचा डॉक्टर जन्मभर उन्हात जरा जास्तच फिरला असावा. पण खरं आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांनी आणि मोठ्या व्यापाऱ्यांनी चांगल्या दिवसांत हौसेनं आणलेल्या त्या गाड्या. लांब नाकाच्या, दोनच दारांच्या, काही तर गुंडाळून ठेवायच्या कापडी टपाच्या. मग कापसाचा भाव पडला, जिनिंग एकामागून एक बंद झाल्या, मालकांची मुलं नागपूर-पुण्याला निघून गेली आणि गाड्या ताडपत्रीखाली जाऊन बसल्या. तेव्हा सगळ्यांना जीप हवी असायची. जीपमध्ये कोंबाल तेवढी माणसं मावत, ती डिझेलवर चाले आणि सरकीच्या पोत्यापासून नवरीपर्यंत काहीही वाहून नेई. दोनच माणसं बसवणारी, पेट्रोल पिणारी आणि गतिरोधकावर पोट घासणारी मोटार कोण घेणार?

मी घेणार होतो. माझी नोकरीच अशी होती की लोक मला घरात न नेता थेट मागच्या अंगाला, गोठ्याकडे नेत. आणि ताडपत्रीखालची मोटार हमखास गोठ्याच्या शेजारीच असे. महागावला एका गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली पाहिली. खाली लाल चामडं, वर कोंबडी. मालक म्हणाला, "पिल्लं निघू द्या डॉक्टर, मंग घेऊन जा. बदल्यात एखादी बेस जर्सी कालवड पाहून द्या." मी कालवड शोधेपर्यंत पिल्लं मोठी झाली आणि गाडी भंगारवाल्यानं कापून नेली. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

या वेडात मला एक जोडीदार होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी ढोरांचा डॉक्टर झालो आणि त्यानं यवतमाळजवळ लोहाऱ्याला गॅरेज टाकलं. दिवसभर तो जीपचे पाटे बदलायचा आणि संध्याकाळी मला विचारायचा, "आज कोनती पाह्यली बे?" मी वर्णन करायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. घरी त्याची बायको म्हणायची, दुसऱ्या बायांवर नजर टाकणारा नवरा परवडला, हे दोघं तर पत्र्यावर मरतात.

यवतमाळच्या कडेला एक मोठी जिनिंग होती, बंद पडलेली. मालक वारले होते. त्यांच्या बाई तिथंच मागच्या बंगलीत एकट्या राहायच्या. साठी उलटलेली, पण ताठ चालणाऱ्या. गावात त्यांचा दरारा होता, कारण जिनिंग चालू असताना वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि एखादा काटेवाला मापात चुकला तर त्याचं काही खरं नसायचं. त्यांची म्हैस आजारी पडली म्हणून मी गेलो. म्हशीचं पोट फुगलं होतं, ते उतरवलं, हात धुतले आणि सहज शेजारच्या ताडपत्रीचं टोक उचललं.

खाली गडद हिरवी, कापडी टपाची, दोनच माणसांची विलायती गाडी होती. पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. बसलेल्या बेंडकीसारखी ती माझ्याकडे पाहत होती.

"घेता काय?" मागून बाईंचा आवाज आला.

"विकता?"

"ठेवून तरी काय करू? पोरगा म्हन्ते भंगारात दे. भंगारवाला जे देते, ते तुम्ही द्या."

दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन गेलो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मग खाली वाकला, मग चक्क पाठीवर झोपून आत सरकला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "डॉक्टर, मले आता बाहेर नाई यायचं."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी अट घातली. गाडी चालू करा, आणि चालू झाली की पहिली फेरी मी मारीन. कळंबले जाऊन चिंतामणीचं दर्शन घेऊन वापस. मंग गाडी तुमची.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "बाई, तुमाले येते चालवता?" मित्रानं विचारलं.

"मिस्तरी, ह्या गाडीवर माह्याइतकं कोनीच बसलं नाई."

मित्रानं त्या गाडीवर जीव टाकला. पाण्याच्या मोटारीचा पट्टा पंख्याला बसवला, जीपचा पंप लावला. एकदा त्यानं तारा उलट्या जोडल्या आणि हॉर्न दाबला की वायपर फिरू लागले. तो म्हणाला, विलायतेत असंच असते. शेवटी एका सकाळी गाडी खोकली, धुराचा एक मोठा ढग सोडला आणि चालू झाली. जिनिंगच्या पत्र्यांवरची सगळी कबुतरं उडाली.

बाई तयार होऊनच बाहेर आल्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळ्यांवर मालकांचा काळा चष्मा. मी शेजारी बसलो. मित्र मागं, गुंडाळलेल्या टपावर, पाय आमच्या दोघांच्या मधे सोडून. बाईंनी क्लच दाबला, गाडी फाटकातून सुरेख बाहेर काढली आणि नागपूर रस्त्याला लावली.

थोडं अंतर अगदी ऐटीत गेलं. मग इंजिन किंचाळू लागलं. बाईंनी गाडी दुसऱ्या गेरमध्येच ठेवली होती आणि पाय मात्र पुरता दाबला होता.

"बाई, गेर बदला," मित्र मागून ओरडला.

"आता कोनता?"

"तिसरा!"

"तो कुठी असते?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळं काही कळेना. मित्रानं मागून हात लांब करून बाईंच्या हातावर हात ठेवला, "माफ करा बाई," म्हणाला आणि दांडा पुढं सरकवला. इंजिन एकदम शांत झालं, गाडी पुढं झेपावली. "अगं माय!" बाई म्हणाल्या, आणि लगेच, "अजून हाये का?"

"एक हाये."

"टाका मंग!"

चौथा पडला आणि वारं सुरू झालं. मित्राचा रुमाल गेला. दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेली कापसाची रानं, मधे तुरीच्या ओळी, आणि समोर एक लाल एसटी. बाईंनी हॉर्न दाबला, वायपर फिरले, आणि बाई एसटीच्या बाजूनं पुढं निघाल्या. एसटीतली माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर आली. समोरून ट्रक येत होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रक मागं होता, एसटी मागं होती आणि बाई खो-खो हसत होत्या.

कळंब यायच्या आधी कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. खरेदी केंद्रावर माल घेणं थांबलं होतं. लोक गाड्यांखाली सावलीला बसले होते. एक बैल रस्त्यात आडवा आलेला, म्हणून बाईंना गाडी थांबवावी लागली. थांबली ती त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. बैलानं बॉनेट हुंगलं. त्याचा म्हातारा मालक उठून आला.

"बाई, गाडीचं छप्पर कुठी गेलं वं?"

"वाऱ्यानं नेलं!" बाई म्हणाल्या. सगळे हसले.

मग म्हाताऱ्यानं त्यांना ओळखलं. काळा चष्मा असूनही. तो जवळ आला, आवाज खाली घेतला. "शेठाणीबाई, तुमची जिनिंग कई चालू होते? तुमच्या काट्यावर उभं राहाचं तं बरं वाटे."

बाईंनी चष्मा काढला. "ते आता नाई होत, बावाजी," त्या म्हणाल्या. "मशीन विकल्या."

म्हातारा मान हलवत उभा राहिला. मी खाली उतरलो, का कोण जाणे, बहुधा त्याच्यासमोर बसून राहणं बरं दिसेना म्हणून. बाईंनी रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं.

"बसता काय? एक चक्कर मारून आनतो."

"मी? अन् बैल कोन पाह्यन?"

"हा ढोराचा डॉक्टरच हाये नं. त्याच्यावानी राखन्या कुठी भेटन?"

तर मी बैल धरून उभा राहिलो आणि म्हातारा टोपी मांडीखाली दाबून बसला. रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. त्याच्यामागून दुसरा बसला, मग तिसरा. एका बाईनं कडेवरच्या लेकरासकट चक्कर मारली आणि उतरताना म्हणाली, "एकदम झ्याक!" जो उतरे तो पुढच्याला सांगे, हात बाहेर काढून पाह्य, वारं मुठीत येते. सकाळपासून तोंडं पाडून बसलेली माणसं लग्नघरासारखी गलका करू लागली. मित्र मागं टपावर बसून गेर बदलत होता. मधे केंद्राचा माणूस बाहेर आला, काय चाललंय म्हणून. त्यालाही चक्कर हवी होती. लोकांनी त्याला सांगितलं, रांगेत या.

दर्शनाला आम्ही दुपारी पोचलो. पायऱ्या उतरून, चिंतामणीपुढं हात जोडून वर आलो आणि चहाच्या टपरीवर बसलो. तेव्हा बाईंनी सांगितलं. मालकांनी त्यांना गाडी शिकवली होती, पण सासऱ्यांनी बजावलं होतं, घरची सून रस्त्यावर मोटार चालवनार नाई. म्हणून जिनिंगचा हंगाम संपला, आवार रिकामं झालं, की त्या आवारातच चालवायच्या. सरकीच्या ढिगाला फेऱ्या. आवार तेवढंच, दुसऱ्या गेरच्या पुढं जागाच नव्हती. सासरे गेले, मग मुलं झाली, मग मालक आजारी पडले, आणि राहूनच गेलं.

"म्हंजे बाई," मी म्हणालो, "आज रस्त्यावर..."

"पह्यल्यांदाच," त्या म्हणाल्या. "अन् ढिगाची फेरी नेहमी डाव्या अंगानं. म्हनून उजवीकडं वळताना जरा भेव लागते."

मित्रानं चहा ठेवला आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. परतताना गाडी कोण चालवणार, असं मी अगदी हळू विचारलं. बाईंनी किल्ली मुठीत धरली. परतताना उजवीकडची वळणं आम्ही तिघांनी मिळून घेतली.

गाडी आमची झाली, अर्धी माझी, अर्धी मित्राची. पण दर गुरुवारी बाई हक्कानं बोलावणं पाठवायच्या. "बेंडकी घेऊन या." पुढं त्यांनी रीतसर लायसन काढलं. मैदानात आठचा आकडा काढायचा होता. तिथला साहेब म्हणाला, आजीबाई, जमेल का? आवारात वर्षानुवर्षं गोल फिरलेल्या आणि आता उजवं वळणही घोटलेल्या बाईंनी असा आठ काढला की साहेबानं दुसऱ्यांदा काढायला लावला, फक्त पाहायला म्हणून.

मी बेंडकीतून तपासणीला जायचो. शेजारच्या सीटवर कधी औषधांची पेटी, कधी पाय मोडलेली शेळी. शेळ्यांना वारं आवडतं, हे मला तेव्हा कळलं. लोक हसायचे, पण हसत पुढं येऊन जनावर दाखवायचे. पाऊस आला की मी झाडाखाली थांबायचो, कारण टप अर्ध्यावर अडकायचा. गाडी महिन्यातला निम्मा वेळ गॅरेजातच असायची आणि मित्र म्हणायचा की तोच तिचा चांगला निम्मा वेळ.

मग जिनिंगची जागा प्लॉट पाडायला गेली आणि बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. जाताना त्यांनी बेंडकीच्या नाकावर हात फिरवला, मित्राला म्हणाल्या, "मिस्तरी, हॉर्न नको दुरुस्त करू," आणि मुलाच्या मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या. क्षणभरानं पुन्हा उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि मुलाला म्हणाल्या, "तू सरक." मुलगा घाबरून आमच्याकडे पाहू लागला. मित्र त्याला म्हणाला, "सरका दादा. फक्त उजवीकडं वळताना लक्ष ठेवा." गाडी फाटकातून गेली ती अगदी सरळ. चौथा गेर पडल्याचा आवाज आम्ही रस्त्यावर उभं राहून ऐकला.

आमच्याकडे बेंडकी त्यानंतरही काही वर्षं राहिली. मग माझी बदली झाली, मित्राच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि पत्रा खालून गळू लागला. पुण्याहून एक शौकीन माणूस आला. त्यानं बेंडकीला हात न लावता, हात मागं बांधून, देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली. तेव्हाच आम्हाला कळलं की जमाना बदलला आहे. त्यानं दिलेल्या पैशांत आम्ही खूश झालो. आज तशाच गाडीची किंमत भाचा मोबाइलवर दाखवतो, तेव्हा मी त्याला मोबाइल बाजूला ठेवायला सांगतो.

न्यायला ट्रक आला होता. फळ्या लावून बेंडकी वर चढवली, दोर बांधले. निघताना मित्र गुडघे सांभाळत ट्रकवर चढला आणि तिच्यात जाऊन बसला. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, उतरा. मित्र म्हणाला, "नाक्यापावतर येतो." आणि खरंच लोहाऱ्याच्या नाक्यापर्यंत तो ट्रकवरच्या गाडीत, स्टिअरिंग धरून बसून गेला. मी मागून स्कूटरवर. नाक्यावर त्याला खाली घेतलं, ट्रक गेला, धूळ बसली.

"कायले बसला बे?" मी विचारलं.

त्यानं अंगावरची धूळ झटकली. "इतल्या वरून कधी गाव पाह्यलंच नव्हतं," तो म्हणाला. "मस्त दिसते, सांगतो तुले."

मग तो स्कूटरवर मागं बसला आणि आम्ही चहाला गेलो.